कापलेली वायर आणि वॉरंटीचा क्लेम

या महिन्याची बहुतेक पत्रं एकाच काळजीची आहेत: गाडीला बाहेरून काही बसवलं, तर कंपनीची वॉरंटी राहते की जाते? हे सदर लिहायला लागण्याआधी मी बरीच वर्षं सर्व्हिस सेंटरच्या वॉरंटी टेबलावर काढली. बिघडलेला भाग हातात घ्यायचा, फोटो काढायचे, कारण लिहायचं आणि क्लेम कंपनीकडे पाठवायचा, हे माझं काम. त्यामुळे मी थोडी टेबलाच्या पलीकडून बोलणार आहे. काही उत्तरं काहींना आवडणार नाहीत.

प्रश्न : ताई, गाडीला अजून वर्षही झालेलं नाही. हेडलाइटचा उजेड पुरत नव्हता म्हणून बाहेरून १००/९० वॉटचे बल्ब टाकून घेतले. परवा एसी गार हवा देईना. सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट उघडलं, बल्ब पाहिले आणि म्हणाला, "वायरिंगला बाहेरचा हात लागलाय, गाडीची वॉरंटी संपली." बल्बचा आणि एसीचा काय संबंध?

कदाचित काहीच नसेल, कदाचित असेलही. ते तपासणं त्याचं काम होतं आणि नेमकं तेच त्याने केलेलं दिसत नाही.

"गाडीची वॉरंटी संपली" असं सरसकट सहसा होत नाही. मीटर मागे फिरवला, गाडी शर्यतीत पळवली, किंवा मोठ्या अपघातानंतर विम्यात ती पूर्ण नुकसान म्हणून निघाली, तर कंपन्या सगळ्या गाडीवर काट मारतात. बाकी वेळी क्लेम येतो एका भागाचा आणि नाकारला जातो तोही एका भागाचा. वॉरंटी ही कारखान्यातून आलेल्या मालातल्या किंवा जोडणीतल्या दोषाची हमी असते. म्हणून प्रश्न तीनच: कोणता भाग गेला, कशाने गेला, आणि तुम्ही केलेल्या बदलामुळे तो कसा गेला. तिसऱ्याचं उत्तर "बदल दिसला म्हणून" एवढंच असेल, तर ते उत्तरच नव्हे.

तुमच्या एसीत गॅस आहे का, हे आधी पाहायला सांगा. गॅस उडाला असेल आणि गळती कंडेन्सरच्या किंवा पाइपच्या जोडातून असेल, तर बल्ब शंभर वॉटचा असो की हजारचा, त्याच्याशी देणंघेणं नाही. (दगड लागून कंडेन्सरला भोक पडलं असेल तर तेही वॉरंटीत बसत नाही, पण ते बल्बमुळे नव्हे.) गॅस पुरेसा आहे, पण कॉम्प्रेसरच्या क्लचला करंटच पोचत नाही असं निघालं, तर मात्र मीही तुमचे बल्ब काढून पाहिले असते.

का, ते सांगते. कंपनीच्या एच४ बल्बचा (हेडलाइटचा नेहमीचा प्रकार) आकडा ६०/५५ वॉट असतो, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. लो बीमवर दोन्ही दिव्यांचे मिळून ११० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ९ ॲम्पिअर. तुमचे बल्ब १८० वॉट ओढतात, म्हणजे १५ ॲम्पिअर. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे त्याच वायरमध्ये अडीचपटीहून जास्त उष्णता तयार होते. होल्डर आधी पिवळट होतो, मग तपकिरी, मग पिनेच्या भोवती प्लॅस्टिक बसतं. वायरचं आवरण कडक होतं, वाकवलं की त्याला बारीक चिरा दिसतात. मग फ्यूज उडायला लागला की कोणीतरी १० ॲम्पिअरच्या जागी २० चा ठोकून देतं, आणि इथून खरा घोटाळा सुरू होतो, कारण आता वायर वितळेल पण फ्यूज शांत राहील. फ्यूज बॉक्समध्ये दिव्यांचा आणि एसीचा रिले (लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) शेजारी असेल आणि ती जागा भाजलेली असेल, तर संबंध लागला. तो क्लेम मीही पुढे पाठवला नसता. पण फ्यूज बॉक्स स्वच्छ आहे, होल्डर धड आहे, तर दिवे दिव्यांच्या जागी आणि एसी एसीच्या जागी.

आता टेबलामागची गोष्ट. सर्व्हिस सेंटर वॉरंटीचं काम आधी स्वतःच्या खर्चाने करतं आणि नंतर कंपनीकडून वसूल करतं. जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवायचा असतो. कंपनी तो मागवून पाहते. कंपनीला कारण पटलं नाही तर पैसे सेंटरच्या खात्यातून वळते होतात. बाहेरची वायर दिसली की ॲडव्हायझर आधीच हात झटकतो तो या भीतीने. म्हणजे तुम्हाला मिळालेला नकार बहुधा कंपनीचा नाहीच, तो काउंटरवरच्या माणसाचा आहे. त्याला शांतपणे विचारा: क्लेम कंपनीकडे पाठवला का? पाठवला नसेल तर पाठवा. नाकारला असेल तर जॉब कार्डवर भाग, बिघाडाचं कारण आणि नकाराचं कारण लिहून द्या. लिहायची वेळ आली की बऱ्याच जणांना गाडी पुन्हा एकदा तपासावीशी वाटते. तरीही नाहीच म्हणाले, तर तो कागद घेऊन कंपनीच्या ग्राहक विभागाकडे जा. तोंडी भांडणाला तिथे किंमत नसते.

आणि ते बल्ब काढा. हवाच असेल जास्त उजेड, तर वेगळा रिले आणि बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज असलेलं, मूळ कपलरला, म्हणजे प्लगला, खटकन बसणारं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) घ्या. मूळ वायर सोलून, पिळून, काळी टेप गुंडाळलेला जोड दिसला की तपासणाऱ्याचं मन तिथेच बनतं. कपलरवर बसलेली जोडणी काढली की मागे काही उरत नाही.

प्रश्न : माझी डिझेल गाडी रिमॅप करून घेतली होती, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून. टर्बो गेला. सेंटरला नेण्याआधी ट्यूनरकडून मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतलं आहे. आता त्यांना कळायचं कारण नाही ना?

कळेल. बऱ्याच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी राहते. सेंटरच्या नोंदीत एकदाही अपडेट नाही आणि ईसीयू सांगतोय की दोनदा लिहिलं गेलं, तर मधलं कोणी लिहिलं? शिवाय प्रत्येक मूळ सॉफ्टवेअरला पडताळणीचा एक क्रमांक असतो. ट्यूनरने परत टाकलेली प्रत हुबेहूब मूळ नसेल आणि कंपनीच्या यादीशी तो जुळला नाही, की विषय संपला. फोक्सवॅगन समूहात अशी गाडी पकडली गेली की तिच्या नोंदीवर 'टीडी१' असा शेरा पडतो, आणि तो एका सेंटरपुरता राहत नाही. वायरमध्ये अडकवायची ट्यूनिंगची डबी वापरली असती तर ईसीयूतलं सॉफ्टवेअर तसंच राहिलं असतं, पण बिघाडाच्या क्षणी साठवलेले प्रेशरचे आकडे मूळ मर्यादेत बसत नसले की तेही बोलतात.

समजा ईसीयूने तोंड उघडलं नाही. टर्बो उघडेलच. प्रमाणापेक्षा जास्त वेगाने फिरवलेल्या टर्बोत कॉम्प्रेसर व्हीलच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो, कधी मध्यातून व्हील तडकतं. तेलाविना गेलेल्या टर्बोचा चेहरा वेगळा: शाफ्ट निळसर पडतो, बेअरिंगच्या जागी ओरखडे असतात. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल, तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या असतील आणि तेलाचा पाइपच कारखान्यापासून सदोष निघाला, तर वाद घालायला जागा आहे. पहिल्या प्रकारचा निघाला तर खर्च तुमचा, आणि तो रास्त आहे. ट्यूनरने वाढवलेली ताकद कंपनीने विकलेली नव्हती.

मूळ सॉफ्टवेअर टाकून आणणं हा सगळ्यात वाईट डाव. टर्बोचा क्लेम तर जातोच, पण लपवाछपवी सापडल्यावर पुढे गिअरबॉक्सचा खरा क्लेम घेऊन गेलात तरी तुमच्याकडे संशयानेच पाहतील. रिमॅप केला आहे हे सांगून जा. त्याच गाडीच्या खिडकीची मोटर, सेंट्रल लॉक, स्टिअरिंगचा आवाज यांचे क्लेम तुम्हाला अजूनही मागता येतात. इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स आणि धुराची यंत्रणा, एवढ्यांवर मात्र पाणी सोडा.

प्रश्न : पुस्तिकेत लिहिलंय, "केवळ अस्सल भाग वापरावेत, अन्यथा वॉरंटी रद्द." बाहेरच्या कंपनीचा ऑइल फिल्टर लावला तरी?

छापलेलं वाक्य आणि टिकणारं वाक्य यांत फरक असतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ग्राहकाला अमुकच ब्रँडचा भाग वापरायची सक्ती वॉरंटीच्या अटीत घालता येत नाही. तो भाग फुकट दिला तर गोष्ट वेगळी. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना अशा वाक्यांबद्दल तंबीची पत्रं पाठवली. २०२२ मध्ये त्याच कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली, कारण बाहेरचे भाग वापरले तर वॉरंटी जाईल असं त्यांच्या अटींत होतं. युरोपात २०१० च्या ४६१ क्रमांकाच्या नियमाने याच दिशेने दार उघडलं, आणि त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं की, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट नको. बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

सूत्र सगळीकडे जवळपास एकच दिसेल. पण त्याचा उलटा अर्थ काढू नका. कायदा तुम्हाला बाहेरचा फिल्टर लावू देतो; तो फिल्टर फुटून इंजिन जाम झालं तर त्याची भरपाई गाडीच्या कंपनीने करावी असं कोणताच कायदा म्हणत नाही. तेव्हा तुमचा दावा फिल्टर बनवणाऱ्यावर. म्हणून फिल्टर साध्या नावाचा घेतलात तरी बिल पक्कं घ्या, त्यावर भागाचा क्रमांक आणि मीटरचा आकडा असू द्या. नावाजलेल्या फिल्टर कंपन्या स्वतःची वॉरंटी देतात, आणि ती मागायची वेळ आली तर कच्च्या चिठ्ठीवर मिळत नाही.

एअर फिल्टरबद्दल जाता जाता: तेल लावून वापरायचा कापडी फिल्टर घेतलात तर तेल मोजून लावा. जास्तीचं तेल पुढे जाऊन हवेच्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं. सेन्सरचा क्लेम आला की आम्ही आधी फिल्टरच्या नळीत बोट फिरवून बघायचो.

प्रश्न : १५ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय घातलेत. टायर आधी १८५/६५ आर१५ होते, आता १९५/५५ आर१६. मागच्या चाकाचं बेअरिंग वाजतंय. मिळेल का वॉरंटीत?

चाकाचा आकार हा अर्धाच प्रश्न आहे. तुम्ही टायरचे आकडे दिलेत हे बरं झालं. मूळ १८५/६५ आर१५ चा व्यास भरतो सुमारे ६२१ मिलिमीटर. तुमचा १९५/५५ आर१६ चाही तेवढाच. म्हणजे मीटरच्या वेगात किंवा गिअरिंगमध्ये फरक नाही. कंपनीने वरच्या मॉडेलला हाच आकार दिला असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम. याउलट त्याच १५ च्या रिमवर कोणी २०५/६५ चढवले असते, तर व्यास चार टक्क्यांनी वाढला असता, मीटर वेग कमी दाखवत राहिला असता आणि किलोमीटरही कमी मोजत राहिला असता. वॉरंटीची मर्यादा किलोमीटरवर असते, त्यामुळे तो वेगळाच वाद.

उरलेला अर्धा प्रश्न ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं याचा. रिमच्या मागच्या बाजूला 'ईटी' लिहून पुढे आकडा असतो. मूळ रिम ४५ चं आणि तुमचं ३० चं असेल, तर चाक १५ मिलिमीटर बाहेर आलं. दिसायला छान, पण गाडीचं वजन आता बेअरिंगला तिरकं पेलावं लागतं. त्या बेअरिंगचा क्लेम नाकारला तर मी त्यांना दोष देणार नाही. ऑफसेट मूळच्याच जवळ असेल आणि एकाच बाजूचं बेअरिंग वाजत असेल, तर जोर धरा: दोष चाकाचा असता तर दुसऱ्या बाजूचंही कुरकुरलं असतं. मधलं भोक हबवर नीट बसतं का, की बोल्टच्याच भरवशावर आहे, हेही पाहून घ्या. मूळ चाकं घरात असतील तर ती लावून आवाज येतो का तपासा, आणि हे सेंटरसमोर करा, घरी नको.

प्रश्न : म्युझिक सिस्टिम आणि रिव्हर्स कॅमेरा शोरूमनेच बसवला, बाहेरून नाही. तरी आता म्हणतात कंपनीची वॉरंटी लागू नाही. ही फसवणूकच ना?

बिल काढून पाहा. गाडीच्या बिलात, कंपनीच्या भाग क्रमांकासह असेल, तर ती कंपनीची ॲक्सेसरी. तिची हमी कंपनीने द्यायला हवी. वेगळ्या बिलावर, दुसऱ्याच ब्रँडच्या नावाने असेल, तर शोरूमने तुम्हाला बाहेरचंच सामान आत बसून विकलं. त्या सामानाची हमी ते बनवणाऱ्याची. पण बसवण्याचं काम ज्याने केलं त्याची जबाबदारी सुटत नाही. त्यांच्याच माणसाने हार्नेस कापलं आणि त्यामुळे दुसरं काही जळलं, तर "बाहेरचं काम" म्हणून ते तुम्हाला परत कसं पाठवणार? हे एकच वाक्य लेखी विचारा. फसवणूक वगैरे शब्द तूर्त बाजूला ठेवा, त्याने समोरचा बचावात जातो आणि फाइल तिथेच अडते.

प्रश्न : पेट्रोल गाडीला गॅस किट बसवायचं आहे. इंजिनची वॉरंटी जाणारच का?

इंजिनच्या बाबतीत बहुतेक कंपन्या इथे ताठरच असतात, आणि त्याला कारण आहे. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हला थोडा गारवा देतात, तो गॅसमध्ये मिळत नाही. कारखान्यातच गॅसवर बनवलेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट सहसा जास्त टणक धातूच्या असतात. साध्या इंजिनात त्या हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो, कॉम्प्रेशन घटतं. हा बिघाड उघडून दाखवता येतो, त्यामुळे वादात तुमची बाजू लंगडी पडते. वॉरंटीची दोनतीन वर्षंच उरली असतील आणि रोजची धाव कमी असेल तर थांबा. धाव खूप असेल तर हिशेब करा, आणि वॉरंटी गेली असं समजूनच करा. नोंदणीच्या कागदावर इंधनाचा बदल चढवायला विसरू नका. ती बाब वॉरंटीची नाही, पण विम्याच्या क्लेमला तीच नडते.

थोडक्यात विचारलेले प्रश्न

सीट कव्हर : सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथली शिवण उसवेल असंच कव्हर हवं. इथे मी वॉरंटीचा विचारच करत नाही. घट्ट रेक्झिन चढवलेल्या सीटमधून एअरबॅग वेळेत बाहेर येईलच असं कोणी सांगू शकत नाही.

डॅशकॅम : लायटरच्या सॉकेटमध्ये लावा, निश्चिंत राहा. चोवीस तास चालू ठेवायला थेट बॅटरीवर जोडलात आणि बॅटरी बसली, तर बॅटरीचा क्लेम विसरा.

गंजरोधक कोटिंग : फवारणीसाठी दाराच्या पत्र्याला भोकं पाडणारा भेटला तर गाडी परत आणा. गंजून आरपार भोक पडण्याविरुद्धची वॉरंटी बऱ्याच वर्षांची असते आणि अशा भोकांपाशी ती अडते.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं : शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि टायरच्या झिजेचे क्लेम गेले. पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत तर उंची बदलली की कॅमेऱ्याचा कोनही चुकतो, त्यामुळे आपोआप ब्रेक लागण्याच्या तक्रारीही तुमच्याच गळ्यात.

प्रश्न : एक्सटेंडेड वॉरंटी घेतली आहे. तिलाही हेच नियम?

नाही, आणि इथेच लोक फसतात. ती अनेकदा गाडीच्या कंपनीची नसून दुसऱ्याच संस्थेचा करार असतो, विम्यासारखा. त्यात कोणते भाग येतात याची यादी असते आणि बदलांबद्दल स्वतंत्र कलम असतं. काही करारांत ते "बदलामुळे झालेला बिघाड" इतपत असतं, काहींत "कोणताही बदल आढळल्यास करार रद्द" इतकं सरसकट. दुसऱ्या प्रकारचं असेल तर वर सांगितलेला कारणाचा युक्तिवाद तिथे फार चालणार नाही. सही करण्याआधी ते कलम शोधा. गाडीला आधीच काही बसवलं असेल तर ते करारावर लिहून घ्या, फोटो काढून ईमेलने पाठवा आणि पोच मागा. आणि काढलेले मूळ भाग, म्हणजे बल्ब, चाकं, एअर बॉक्स, सायलेन्सर, हा करार संपेपर्यंत विकू नका.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल, मीटरचा आकडा, बदल कोणता आणि सेंटरने लेखी काय दिलं, हे जरूर लिहा. "वॉरंटी उडाली" एवढंच लिहिलेली पत्रं मला परत पाठवावी लागतात.)